दिवसोपचार आणि त्यामागील घराचे गृहीतक

रुग्णाने सकाळी उपचारकेंद्रात यावे व सायंकाळी घरी परतावे, ही मनोविकारांवरील दिवसोपचाराची मूळ कल्पना होय. १९३३ मध्ये मॉस्को येथे झागारोव यांनी ती अमलात आणली ती प्रामुख्याने खाटांच्या टंचाईमुळे. पुढे चाळीसच्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये एवेन कॅमेरॉन व लंडनमध्ये जोशुआ बायरर यांनी तिला मानवतावादी अधिष्ठान दिले. (याच कॅमेरॉन यांचे नाव नंतर रुग्णांवरील अमानुष प्रयोगांशी जोडले गेले, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.)

२०११ च्या कॉक्रेन आढाव्यात १० चाचण्या व २,६८५ रुग्ण समाविष्ट आहेत. तीव्र अवस्थेतील दिवसोपचार हा आंतररुग्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. मात्र ही समानता ज्यांना दिवसोपचार देणे शक्य होते त्यांच्यापुरतीच सिद्ध होते. अतिगंभीर अथवा सक्तीने दाखल करावे लागणारे रुग्ण अशा चाचण्यांच्या कक्षेबाहेरच राहतात. म्हणून दिवसोपचारास रुग्णालयाचा सरसकट पर्याय म्हणणे हा अतिव्याप्तीचा दोष ठरतो.

याहून मूलभूत आक्षेप घरासंबंधीचा आहे. सायंकाळी परतण्यास घर आहे आणि रात्री जागणारे कोणी आहे, हे येथे न बोलता गृहीत धरलेले असते. रुग्णालयाची वाचलेली रात्रपाळी प्रत्यक्षात आई, पत्नी वा बहीण यांच्याकडे जाते. खर्चाच्या हिशेबात मात्र तिची नोंद क्वचितच सापडते. अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहण्यास बोलावले. रुग्णाला घरी पाठविण्याऐवजी घरच रुग्णालयात आणण्याचा हा प्रयोग भारतीय वास्तवाच्या अधिक निकट होता. त्यात कुटुंबाचे श्रम निदान दृश्यमान होते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम १९ याबाबतीत अधिक सावध आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, निवारा नाही किंवा समाजाधारित सुविधा नाहीत, एवढ्याच कारणास्तव कोणासही मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवता येत नाही. या तरतुदीसमोर केवळ दिवसाचे केंद्र अपुरे पडते; रात्रीच्या निवाऱ्याची सोय त्यासोबतच करावी लागते. अंतराचा प्रश्न तर आणखी साधा आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दिवसोपचार उपलब्ध झाला, तरी दोडामार्गच्या रुग्णाने एसटीने रोज तेथे ये-जा करणे अशक्य आहे. त्याच्यासाठी ही सोय निदान उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर उभी राहावी लागेल.