कोंडलेला रस

देवस्थानांच्या जत्रा, कीर्तने आणि नाट्यप्रयोग ह्यांची चर्चा करणाऱ्या ह्या पानांवर आम्ही स्टेकविषयी लिहावे, हे काही वाचकांस खटकेल. स्टेक म्हणजे बहुधा गोमांसाचा जाड काप, तव्यावर वा निखाऱ्यांवर भाजलेला. आमच्या वाचकांच्या चुलीवर तो चढणार नाही, आणि चढावा अशी आमची इच्छाही नाही. तथापि ज्या पदार्थास आपण शिवत नाही त्याविषयीचे उत्तम लेखनही वाचू नये, असा नियम आमच्या ऐकिवात नाही. शिवाय त्या लेखनाचा सारा वाद ज्या वस्तूभोवती फिरतो तिला मराठीत 'रस' म्हणतात, आणि रसाच्या चर्चेत भाग घेण्याचा आपला अधिकार जुना आहे.

हॉटेलच्या तोडीचा स्टेक घरी कसा करावा, हा पाश्चात्त्य पाकलेखनातील कधीही शिळा न होणारा विषय होय. त्या लेखनात एक सूत्र पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले: तवा कडकडीत तापवावा, मांसाचा पृष्ठभाग प्रथम करपवावा, म्हणजे त्याचे कवच बनून रस आत कोंडला जातो. सूत्राचा उगम स्वयंपाकघरात नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग ह्यांनी १८४७ साली मांसाच्या रसायनावर ग्रंथ लिहिला आणि पाण्यात उतरणारे द्रव्य हेच मांसाचे सार, ते निसटू देऊ नये, असे प्रतिपादन केले. पुढे १८६५ मध्ये त्यांच्याच नावाने मांसाचा अर्क बाटल्यांत भरून विकणारी कंपनी उभी राहिली, हे सांगितल्यावर सिद्धान्ताची लोकप्रियता निराळी समजावून द्यावयास नको. १९०३ साली आपला विख्यात पाकग्रंथ प्रसिद्ध करणारे ऑग्युस्त एस्कॉफिये ह्यांच्यासारख्या श्रेष्ठ आचाऱ्यानेही ही कल्पना स्वीकारली.

ह्या आप्तवाक्याचा समाचार हॅरॉल्ड मॅक्गी ह्यांनी 'ऑन फूड अँड कुकिंग' ह्या ग्रंथात घेतला आहे. ग्रंथ १९८४ साली निघाला आणि २००४ साली पुष्कळसा नव्याने लिहिला गेला. लेखक मूळचे इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक. त्यांचा प्रबंध कीट्सच्या काव्यावर आहे. वाङ्मयाचा विद्यार्थी पाकशास्त्रात शिरला की काय होते, ह्याचे हे उत्तम उदाहरण: त्याला प्रत्येक वचनाची पाठचिकित्सा करावीशी वाटते. १९३० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवून दिले होते की, आधी करपवलेले मांस रस अधिक राखत नाही. पण त्याहून साधा पुरावा मॅक्गी पुढे ठेवतात. तव्यावर मांस चरचरते ते कशामुळे? रस बाहेर पडून त्याची वाफ होते म्हणून. रस खरोखर कोंडला असता तर तवा मुका राहिला असता. तो आवाज ऐकत ऐकत लाखो आचाऱ्यांनी 'रस कोंडला' असे म्हणावे, ह्याहून आप्तवाक्याच्या सामर्थ्याचे ठळक उदाहरण आम्हांस आठवत नाही.

मग करपवण्याने होते तरी काय? फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार ह्यांनी १९१२ साली वर्णिलेली प्रक्रिया होते. प्रथिनांचे घटक आणि शर्करा उष्णतेत एकत्र येतात व मूळ द्रव्यात नसलेले शेकडो गंध आणि स्वाद जन्मतात. ती साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते. पृष्ठभाग ओला असेल तोवर तो १०० अंशांपलीकडे जात नाही. म्हणून काप आधी पुसून कोरडा करावयाचा. घरच्या आणि हॉटेलच्या स्टेकमधील अंतर बव्हंशी येथेच आहे: तेथे ज्वाला मोठी, मांस कित्येक आठवडे मुरवलेले, मीठ आणि लोणी सढळ. घरच्या लहान ज्वालेवरचा तवा थंड मांस पडताच निवतो, पाणी सुटते आणि भाजण्याऐवजी उकडणे घडते. ओली भेंडी कढईत दाटीने टाकणाऱ्या नव्या सुनेस सासूने हेच सांगितलेले असते. आणि तोंडाकाच्या वाटपासाठी खोबरे भाजताना एका क्षणी घरभर वास पालटतो, तो मायार ह्यांच्याच प्रक्रियेचा.

म्हणजे मांसाची चव आत कोंडून ठेवलेली नव्हतीच. ती संयोगातून नव्याने निपजली. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची निष्पत्ती समजावताना भरतमुनींनी अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे, आणि तेथेही द्रव्यांच्या संयोगातून रस होतो असे म्हटले आहे. आम्ही मुनींना मायार ह्यांचे पूर्वसूरी ठरवीत नाही. तसला अभिमान पोकळ असतो. परंतु वस्तूत रस साठवलेला आहे, तो फक्त सांडू द्यावयाचा नाही, ही लीबिगची दृष्टी आपल्या रसचर्चेच्या अंगणात वाढलेल्या वाचकास आरंभापासून संशयास्पद वाटावयास हरकत नव्हती.

मॅक्गींच्या विवेचनात एक उणीव मात्र राहते. त्यात आचारी आहे, तवा आहे, पण खाणारा नाही. तो पाहावयाचा तर रोलाँ बार्त ह्यांच्या 'मिथॉलॉजीज' ह्या १९५७ च्या लेखसंग्रहाकडे वळावे. त्यातील स्टेकवरील छोट्या लेखात बार्त म्हणतात की, फ्रेंचांस स्टेक प्रिय आहे तो त्यातील रक्तामुळे. भाजण्याच्या पायऱ्यांची नावेही ते भाजण्यावरून न देता रक्तावरून देतात. १९५४ साली हिंदचीनमधील युद्ध थांबल्यावर जनरल द कास्त्री ह्यांनी पहिल्या जेवणास तळलेले बटाटे मागितले, ह्या वार्तेत त्यांना राष्ट्रविधी दिसतो. लेख चमकदार आहे. परंतु मॅक्गी सांगतात की, स्टेकमधून झिरपणारा तांबडा द्रव रक्त नव्हेच. स्नायूंतील मायोग्लोबिन नामक रंगद्रव्याने रंगलेले ते पाणी आहे. बार्तचे प्रतिपादन ह्याने खोटे ठरत नाही, कारण माणसे जे समजून खातात त्याचे ते वर्णन आहे. पण बार्त जेवणाच्या मेजावरून उठून एकदाही चुलीपाशी गेले नाहीत, हे उघडे पडते. एकाला अर्थ दिसला, दुसऱ्याला क्रिया. आम्हांस निवड करावयाची झाल्यास आम्ही मॅक्गींना पुढचा पाट देऊ, कारण त्यांची चूक निघाली तर ती तव्यावर तपासता येते.

राहिला 'हॉटेलच्या तोडीचे' हा ध्यास. 'रेस्तराँ' ह्या शब्दाने अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये प्रथम दुर्बळांस शक्ती देणारे मांसाचे कढण ओळखले जाई. कढण देणाऱ्या जागेस ते नाव मागाहून मिळाले. म्हणजे तेथेही आरंभी कोंडलेल्या साराचीच विक्री होती. आपल्याकडील वाट निराळी. उडुपीच्या मठाभोवती वाढलेली पाकपरंपरा हॉटेलांत उतरली. मुंबईस माटुंग्यात ए. रामा नायक ह्यांनी १९४२ साली उघडलेले भोजनगृह त्याच परंपरेतले. तेव्हा 'हॉटेलसारखे घरी करा' असे मराठी पाकपुस्तके सांगतात, त्या वेळी ती नकळत देवळाच्या रांधपघराकडेच बोट दाखवतात.

त्या रांधपघरात नैवेद्य दाखविण्यापूर्वी पदार्थ चाखावयाचा नसतो. मीठ, तिखट, शिजणे, सारे वासावरून, रंगावरून आणि आवाजावरून ठरते. स्टेक शिजला की नाही हे बोटाने दाबून ओळखणारे आचारी मॅक्गींच्या ग्रंथात भेटतात; जीभ वर्ज्य ठेवून शेकडो पानांचा स्वयंपाक उतरविणारा आचारी भेटत नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील जाणत्यांना विचारून ते प्रकरण कोणी लिहिल्यास आम्ही ह्या पानांवर ते आनंदाने छापू, मराठीत असो वा कोंकणीत.