रेझ्युमेचे सहा सेकंद आणि आंबिवलीचा पत्ता

'प्रभावी रेझ्युमे कसा लिहावा' या विषयावरचं सल्लासाहित्य हा आता एक स्वतंत्र साहित्यप्रकारच झालाय. मराठीत, इंग्रजीत, यूट्यूबवर, व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमध्ये, कुठेही उघडा, एक वाक्य हमखास सापडतं: भरती करणारा माणूस तुमच्या रेझ्युमेकडे फक्त सहा सेकंद बघतो. त्याच्यामागोमाग दहा सूचना येतात. एकच पान ठेवा, ठळक अक्षरं वापरा, क्रियापदं जोरकस घ्या. शेवटी 'तुमचा रेझ्युमे म्हणजे तुमची पहिली छाप' वगैरे. या साहित्यप्रकाराची समीक्षा कुणी करत नाही, कारण तो साहित्य आहे असं कुणाला वाटत नाही. आज ती करू या. आणि ती करताना नजरेसमोर ठेवू या आंबिवली-मोहन्यातला एखादा बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, जिला हा सल्ला रोज ऐकवला जातो.

आधी त्या सहा सेकंदांचं बघू. हा आकडा २०१२ सालचा आहे. लॅडर्स नावाच्या अमेरिकी नोकरी-संकेतस्थळाने ३० भरती अधिकाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्राने टिपल्या, आणि उमेदवार 'चालेल की नाही' हे ठरवायला त्यांना सरासरी सहा सेकंद लागतात असं जाहीर केलं. २०१८ साली त्यांनीच हा आकडा ७.४ सेकंदांवर आणला. यात तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, माणसं तीस. दोन, हे संकेतस्थळ वर्षाला एक लाख डॉलरच्या वरच्या नोकऱ्यांसाठी ओळखलं जायचं. तीन, त्याच अभ्यासात 'व्यावसायिक लेखकाकडून लिहून घेतलेला रेझ्युमे' आणि 'उमेदवाराने स्वतः लिहिलेला रेझ्युमे' यांची तुलना होती, आणि पहिला सरस ठरला. म्हणजे औषधवाल्यानेच रोग किती पसरलाय ते मोजलं. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पहिली चाळणी घाईत होते हे खरंच असणार. पण न्यूयॉर्कच्या मॅनेजरसाठी मोजलेले सहा सेकंद भिवंडीच्या गोदामातल्या सुपरवायझरच्या जागेला तसेच्या तसे चिकटवायचे, याला संशोधन म्हणत नाहीत.

आता आपल्याकडचा नमुना घ्या. आपल्याकडे त्याला रेझ्युमे कमी आणि बायोडेटाच जास्त म्हणतात. तोच शब्द लग्नासाठी आणि तोच नोकरीसाठी, आणि हा योगायोग नाहीये, ते पुढे येईलच. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर एक फाईल असते. दुकानदार आधीच्या मुलाचं नाव पुसून तुमचं टाकतो, टक्के बदलतो आणि दोन प्रती काढून देतो. (छंद बदलायचे बऱ्याचदा राहून जातात. त्यामुळे शहाड ते टिटवाळा पट्ट्यातल्या अख्ख्या पिढीला गाणी ऐकणं आणि क्रिकेट याशिवाय काही आवडत नाही असा समज व्हावा.) सगळ्यात वर इंग्रजीत एक लांबलचक 'ऑब्जेक्टिव्ह', जे लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने दोघांनीही वाचलेलं नसतं. मग पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, लिंग, धर्म, कधीकधी जात, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व, पूर्ण पत्ता. मग दहावी-बारावी-पदवी किंवा आयटीआयचा तक्ता. आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे', ठिकाण, दिनांक, सही.

सल्ला देणारे या कागदाची टर उडवतात. मला तो कागद मूर्खपणाचा वाटत नाही. त्याचं कूळ वेगळं आहे, एवढंच. तो सरकारी अर्जाचा वंशज आहे. अर्ज हा कारकुनाला उद्देशून असतो आणि अर्जदार कोण, कुणाचा, कुठला, एवढंच त्यात सिद्ध करायचं असतं. त्याने काय काम केलं हा प्रश्नच तिथे नसतो, म्हणून तर खाली प्रतिज्ञापत्र आणि सही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जॉबर माणसं आणायचा आणि भरती नात्यागोत्यातून, गावाकडून व्हायची. कारखान्यांच्या त्या जगात 'कुणाचा मुलगा' ही माहिती खरोखर उपयोगाची होती, कारण ओळख देणाऱ्याची पत पणाला लागायची. त्या काळात कागदावर कामाचं वर्णन लागत नव्हतं. ते वडील किंवा मामा तोंडी सांगत.

आंबिवलीत हे जग कधी संपलं, याची तारीख जवळपास सांगता येते. मोहन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, २००९ साली टाळेबंदीत गेली. हजारो कामगार एका फटक्यात घरी बसले आणि थकलेल्या देण्यांचा वाद पुढे दहा वर्षांहून जास्त चालला. कारखाना बंद पडतो तेव्हा पगार जातोच, पण शिफारस करणारी माणसंही जातात. ज्याच्या शब्दाला गेटवर किंमत होती, त्याचं गेटच राहिलं नाही. त्यांच्या मुलांच्या हातात उरला तो अर्जाचा कागद, आणि त्यावर वडिलांच्या नावाची ओळ तशीच.

ती ओळ आज काय काम करते, यावर आपल्या देशात चांगलं संशोधन झालंय. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. पात्रता सारखी, फक्त नाव बदललेलं: उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, दलित वाटेल असं किंवा मुस्लिम. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये निष्कर्ष छापून आला. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचे 'ऑड्स' दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३. (ऑड्स म्हणजे थेट टक्केवारी नव्हे. बोलावणं आलेले भागिले न आलेले, असं ते गुणोत्तर असतं. तरी दिशा कळायला पुरेसं आहे.)

याच विषयावर अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगातो दत्ता आणि सेंथिल मुल्लईनाथन यांचा २००९चा अभ्यास आहे आणि तो जरा वेगळं सांगतो. दिल्ली परिसरातल्या ३७१ जागांना ३,१६० रेझ्युमे. सॉफ्टवेअरच्या जागांमध्ये जातीचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. कॉल सेंटरमध्ये मात्र ओबीसी आणि काही प्रमाणात दलित उमेदवारांना कमी फोन आले, मुस्लिम उमेदवारांच्या बाबतीत मात्र तो फरक सापडला नाही. मला हा अभ्यास पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. जिथे कौशल्य कागदावर तपासता येतं तिथे नावाकडे कमी बघितलं जातं, आणि जिथे काम 'बोलण्या-वागण्या'चं असतं तिथे अंदाज नावावरून बांधला जातो, असा त्याचा अर्थ लावता येतो. आंबिवलीच्या मुलांना मिळणाऱ्या पहिल्या नोकऱ्या (दुकानातली विक्री, टेलिकॉलिंग, बँकेच्या कार्डांची वसुली) कुठल्या प्रकारात बसतात ते तुम्हीच बघा.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी तेव्हाच २५ एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या होत्या. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि त्यातले बहुतेक हेही म्हणाले की उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणं गरजेचं असतं. वडील काय करतात, घर कसं आहे. लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा बायोडेटा यांना एकच शब्द का, याचं उत्तर इथे आहे.

मग पत्ता. आंबिवली म्हणजे कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या दिशेने दुसरं स्टेशन. हे नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा पोलिसांच्या बातमीत, त्यामुळे 'पत्ता कल्याणचा लिही रे' हा सल्ला इथे घरोघरी दिला जातो. डेव्हिड फिलिप्स यांनी वॉशिंग्टन डीसीमध्ये कमी पगाराच्या नोकऱ्यांसाठी याची चाचणी घेतली. नोकरीच्या जागेपासून लांबचा पत्ता असलेल्या रेझ्युमेंना जवळच्यांपेक्षा १४ टक्के कमी फोन आले. पाच-सहा मैल जादा अंतराचा फटका हा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला बसणाऱ्या फटक्याएवढा होता. पण वस्ती गरीब की श्रीमंत याचा परिणाम त्यांना दिसला नाही. अमेरिकेचं अंतर आपल्याला लागू होत नाही हे उघड आहे. पाच-सहा मैल म्हणजे आठ-नऊ किलोमीटर, आंबिवलीहून तेवढ्यात आपण जेमतेम कल्याण ओलांडतो, आणि इथे दोन तासांचा प्रवास ही तक्रार मानली जात नाही. तरी मुद्दा कामाचा आहे: वाचणाऱ्याच्या मनातली शंका 'हा वेळेवर येईल का' अशी असू शकते. ती शंका पूर्ण पत्त्याने वाढते. 'सकाळी ८ च्या शिफ्टला येऊ शकतो' या एका ओळीने ती कमी होऊ शकते. घर क्रमांक, चाळीचं नाव, मंदिराजवळ, हे सगळं नेमणूक झाल्यावर द्यायचं असतं.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की मग नाव-गाव सगळं झाकूनच टाकावं. फ्रान्समध्ये ते करून बघितलं. सरकारी रोजगार सेवेने काही कंपन्यांना निनावी रेझ्युमे दिले. ल्युक बेहागेल, ब्रुनो क्रेपाँ आणि तोमा ल बार्बांशाँ यांनी त्याचा अभ्यास २०१५ साली छापला. निकाल उलटा लागला. स्थलांतरित कुटुंबांतल्या आणि मागास वस्त्यांतल्या उमेदवारांना निनावी पद्धतीत मुलाखतीची बोलावणी कमी झाली. प्रयोगात स्वतःहून आलेल्या कंपन्या मुळातच या उमेदवारांना अनुकूल होत्या. नाव-पत्ता दिसत असताना रेझ्युमेतल्या उणिवांकडे त्या समजुतीने बघत असाव्यात, नाव गेल्यावर उरल्या त्या नुसत्या उणिवा. म्हणून आडनाव लपवा असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. आडनाव लपवणं हे उमेदवाराचं काम नव्हेच. पण धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि वडिलांचा व्यवसाय न विचारता लिहिण्याचं काही कारण नाही. त्या जागेत दुसरं काहीतरी बसवता येतं.

काय बसवायचं? इथे मला सल्लासाहित्याला थोडं श्रेय द्यावं लागेल, कारण लिखाण सुधारल्याने फरक पडतो. एमा व्हॅन इन्वेगन, झानेले मुन्यिक्वा आणि जॉन हॉर्टन यांनी एका ऑनलाइन कामाच्या बाजारात जवळजवळ पाच लाख उमेदवारांवर प्रयोग केला. काहींच्या रेझ्युमेचं शुद्धलेखन आणि व्याकरण यंत्राच्या मदतीने सुधारलं. त्यांना काम मिळण्याची शक्यता ८ टक्क्यांनी वाढली, आणि ज्यांनी काम दिलं ते नंतर नाराज झाल्याचं दिसलं नाही. पण हा ८ टक्के इतरांच्या तुलनेतला आहे. शहाड ते टिटवाळा सगळ्यांनीच रेझ्युमे सुधारले म्हणून एकही जागा वाढत नाही. क्रेपाँ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये फ्रान्समधल्या नोकरी-मदत योजनेबद्दल हेच दाखवलं होतं: मदत मिळालेल्यांचा काही फायदा न मिळालेल्यांच्या वाट्यातून आला होता. 'रेझ्युमे सुधारा, बेरोजगारी हटवा' अशा थाटात कार्यशाळा भरवणाऱ्यांनी हा भाग वगळलेला असतो.

मला सगळ्यात कामाचा वाटलेला अभ्यास मात्र रेझ्युमेच्या भाषेबद्दल नाहीच. मार्टिन एबल, रुलोफ बर्गर आणि पात्रित्सिओ पिराइनो यांनी दक्षिण आफ्रिकेत बेरोजगार तरुणांना आधीच्या मालकाकडून साध्या नमुन्यावर शिफारसपत्र आणायला सांगितलं. पत्र जोडलेल्या अर्जांना ६० टक्के जास्त प्रतिसाद आले, आणि पत्र मिळवलेल्या बायकांचं नोकरी मिळण्याचं प्रमाण दुप्पट झालं. वशिला हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, आणि बऱ्याचदा बरोबरच. पण वशिल्याच्या आत एक खरी माहिती असते, की हा माणूस वेळेवर येतो, पैशाला हात लावत नाही, गिऱ्हाइकाशी नीट बोलतो. एनआरसीच्या गेटवर ती तोंडी पोचायची. शिफारसपत्र म्हणजे तीच माहिती, फक्त मामाऐवजी ज्याने काम घेतलं त्याच्याकडून, आणि लेखी.

समजा एखादी मुलगी बारावीनंतर दोन वर्षं मेडिकलच्या दुकानात होती. झेरॉक्सच्या बायोडेटात ही दोन वर्षं येतच नाहीत, कारण ती 'नोकरी' नव्हती, पीएफ नव्हता, पगाराची पावती नव्हती. तक्त्यात ती 'बारावी, ५८ टक्के' एवढीच उरते आणि पुढे दोन वर्षांचं भगदाड. तेच असं लिहिता येतं: 'औषध दुकान, मोहने, दोन वर्षं. संध्याकाळी एकटीने काउंटर सांभाळला, बिलिंग कॉम्प्युटरवर, रोजचा गल्ला जुळवून दिला, मुदत संपलेला माल वेगळा काढला.' यात एकही जोरकस क्रियापद नाही आणि एकही ठळक अक्षर नाही. खाली दुकानदाराचं चार ओळींचं पत्र: किती काळ काम केलं, काय केलं, वेळ पाळणं, हिशोब, शिकण्याची तयारी, गिऱ्हाइकांशी वागणूक यांपैकी प्रत्येकाला 'ठीक, चांगलं, फार चांगलं' यातली एक खूण, आणि फोन नंबर. दक्षिण आफ्रिकेतला नमुना साधारण याच धर्तीचा होता. दुकानदाराला इंग्रजी येत नसेल तर मराठीत चालेल, सही आणि शिक्का असला की पुरे. पत्र काम सोडतानाच मागून घ्यावं, वर्षभराने गेलं की दुकानदाराला आधी ओळख द्यावी लागते आणि मग तो म्हणतो, उद्या ये.