बस जिथं थांबत नाही

या व्याख्यानमालेत पुस्तकांवर, नाटकांवर, सिनेमांवर बोललं जातं. आज आम्ही एका बससहलीवर बोलणार आहोत. सहलीची कसली समीक्षा, असं कुणाला वाटेल. पण बघा, सहलीला संहिता असते, नेपथ्य असतं, मध्यंतर असतं, तिकीट असतं. निवेदक तर असतोच. मग नाटकाला लावतो ते निकष तिला लावायला काय हरकत आहे?

2018 साली आम्ही दोघं नवरा-बायको सॅक पाठीवर टाकून व्हिएतनाममध्ये हिंडत होतो. ह्वे ही तिथली जुनी राजधानी. तिथल्या हॉस्टेलच्या काउंटरवर पाटी होती : 'डीएमझेड, एक दिवस, जेवणासह.' डीएमझेड म्हणजे लष्करमुक्त पट्टा. जुलै 1954च्या जिनिव्हा करारानं व्हिएतनामचे तात्पुरते दोन भाग केले. सतराव्या अक्षांशाजवळची बेन हाय नदी ही सीमा ठरली आणि तिच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच-पाच किलोमीटर फौजा ठेवायच्या नाहीत असं ठरलं. 1956मध्ये निवडणुका होऊन देश पुन्हा एक व्हायचा होता. निवडणुका झाल्या नाहीत, युद्ध झालं. नावानं लष्करमुक्त असलेल्या या पट्ट्यावर आणि त्याच्या आसपास बेसुमार बॉम्ब पडले.

सॅकवाल्या मंडळींना अशा बससहलींचा तिटकारा असतो. छत्रीमागं चालणारा कळप, म्हणून आम्हीही नाकं मुरडायचो. पण इथं एकेकटं जाऊन भागत नाही. जागा लांब लांब आहेत आणि पोचल्यावर दिसतं काय, तर गवत, लाल माती, कॉफीची झाडं. सांगणारा नसेल तर टेकडी ही नुसती टेकडी असते. शिवाय न फुटलेले बॉम्ब आणि सुरुंग या क्वांग त्रि प्रांतात अजून जमिनीत आहेत. वाट सोडून हिंडण्याची हौस तिथं परवडत नाही. तेव्हा आम्ही मुकाट्यानं तिकीट काढलं.

आता संहितेकडे येऊ. खे सानचं उदाहरण घ्या. जानेवारी 1968 ते एप्रिल 1968, म्हणजे 77 दिवस, अमेरिकेचा हा तळ वेढ्यात होता. वेढा उठला आणि जुलैमध्ये अमेरिकेनंच तळ मोडून सोडून दिला. जिंकलं कोण? दोन्ही बाजू म्हणतात, आम्ही. व्हिएतनामी लोक या जागेला ता कोन विमानतळ म्हणतात. संग्रहालयातली मांडणी अर्थातच विजयाची आहे. पण बसमध्ये माइकवर अख्खा दिवस 'खे सान' हेच नाव चालतं. आपण ज्याला 'व्हिएतनाम युद्ध' म्हणतो, त्याला तिथं 'अमेरिकेविरुद्धचं प्रतिकारयुद्ध' म्हणतात. तेही नाव माइकवर आलं नाही. भिंतीवर सरकारची भाषा आणि माइकवर गिऱ्हाइकाची.

आम्हाला बखरींची आठवण झाली. सभासदानं बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. बखर खोटी असते असं आम्ही म्हणत नाही. पण ती कुणासाठी लिहिली हे विसरून वाचली, तर फसगत होते. गाइडचं निवेदन हीदेखील बखरच आहे. फरक इतकाच, की आज्ञा करणारे तीस-पस्तीस जण बसमध्ये चिप्स खात बसलेले असतात. (हशा) हसताय, पण त्यात आम्हीही होतो. खे सानच्या दारात अमेरिकन सैनिकांच्या नावांचे पत्र्याचे बिल्ले विकायला होते. आम्ही घासाघीस करून एक घेतला. बसमध्ये चढल्यावर गाइड हळूच म्हणाला, "बहुतेक सगळे नवीन बनवलेले असतात." बिल्ला खोटा निघाला याचं आम्हाला वाईट वाटलं. म्हणजे मेलेल्या माणसाचा खराखुरा बिल्ला मिळाला असता तर आम्ही खूश झालो असतो! याची लाज वाटायला मात्र आम्हाला घरी येईपर्यंत वेळ लागला.

सहलीचा सर्वांत चांगला अंक म्हणजे विन मोकची भुयारं. समुद्रकाठच्या गावानं बॉम्बवर्षावातून वाचायला जमिनीखाली तीन मजली गाव खणलं. सर्वांत खालचा मजला 23 मीटरांवर आहे. एकेका कुटुंबाला एकेक कोनाडा. तिथं 17 मुलं जन्मली. गाइडनं इथं शहाणपणा केला : तो बोललाच नाही. विजेरी दाखवत पुढं चालत राहिला. वाकून वाकून आमच्या पाठी भरून आल्या. कोनाडा पाहिल्यावर, यात बाळंतीण कशी निजली असेल, हा प्रश्न कुणी न सांगता पडला. निवेदनानं कधी गप्प बसावं हे कळणं ही मोठी गोष्ट आहे.

मग हिएन लुओंगचा पूल. मूळ पूल 1967मध्ये बॉम्बनं पडला, आताचा पुन्हा बांधलेला. अर्धा निळा, अर्धा पिवळा. फाळणीच्या काळात दोन्ही तीरांवर एकमेकांपेक्षा उंच झेंडे आणि मोठे भोंगे लावायची स्पर्धा चालायची. गाइडनं हे रंगवून सांगितलं, लोक हसले. मग तो आमच्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या देशाची माणसं इथं असायची." आम्ही बघतच राहिलो. जिनिव्हा करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा अध्यक्ष भारत होता. कॅनडा आणि पोलंड हे सदस्य. शस्त्रसंधी कोण मोडतंय ते नोंदायचं, अहवाल पाठवायचे. युद्ध थांबवायची ताकद त्या आयोगात नव्हती. सकाळपासून आम्ही अमेरिकनांचं आणि व्हिएतनामींचं युद्ध बघत होतो, अगदी तिऱ्हाईत म्हणून. आपल्याही देशाची खुर्ची इथं मांडलेली होती हे आम्हाला माहीत नव्हतं आणि गाइडला माहीत होतं.

दक्षिण तीरावर एका स्त्रीचा आणि मुलाचा पुतळा आहे. उत्तरेकडे गेलेल्या माणसाची ती वाट पाहते आहे. पुतळा चांगला आहे. पण दक्षिणेच्या सैन्यातलेही दोन लाखांहून जास्त सैनिक मेले. त्यांच्या बायकांची वाट पाहणं या सहलीत कुठं दिसत नाही. हरलेल्या बाजूची माणसं इथं फक्त 'बाहुलं सरकार' या शब्दात उरतात.

परतताना लघुशंकेसाठी बस महामार्ग क्रमांक एकवर थांबली. आम्ही गाइडजवळ उभे होतो. साठीकडे आलेला माणूस. आम्ही विचारलं, "तुम्ही युद्धात कुठं होता?" तो म्हणाला, "बारा वर्षांचा होतो. आईबरोबर याच रस्त्यानं चालत ह्वेला गेलो." एवढंच. आम्ही म्हटलं, मग हे माइकवर का नाही सांगत? तो म्हणाला, "इथं बस थांबत नाही." आणि लोकांना चला चला करायला निघून गेला.

आम्हाला अर्थ लागला तो नंतर वाचल्यावर. एप्रिल 1972च्या अखेरीस क्वांग त्रि शहर पडत असताना हजारो माणसं या रस्त्यानं दक्षिणेकडे पळत होती. नागरिक आणि माघार घेणारे सैनिक एकत्रच. उत्तरेच्या फौजेनं त्या गर्दीवर तोफा डागल्या. शेकडो नागरिक मेले. दक्षिणेत या रस्त्याला 'दहशतीचा राजरस्ता' म्हणत. पुढं ते शहर परत घेताना अमेरिकन विमानांनी त्याचा चुराडा केला, तेही खरंच. पण तो चुराडा विजेत्यांच्या इतिहासात बसतो. रस्त्यावरचे मृत बसत नाहीत, कारण त्यांना मारणारे पुढं जिंकले.

म्हणजे सकाळी आम्ही ज्या रस्त्यावरून पेंगत गेलो, जिथं गाइडनं जेवणाचा मेनू विचारला, तो रस्ताच या सहलीतली सर्वांत मोठी युद्धभूमी होती. तो कार्यक्रमपत्रिकेत नाही.

मग ही सहल वाईट आहे का? आमच्या मते नाही. संहिता एकांगी आहे, पण तिच्याशिवाय आम्ही त्या रस्त्यापर्यंत पोचलोच नसतो. गाइडनं माइकवर सगळं सांगावं, अशीही आमची मागणी नाही. त्यात त्याची भाकरी जाईल, आपला फक्त दिवस जाईल. आमचा तो प्रश्नही आगाऊच होता, हे आज कबूल करतो. मागणी आहे ती प्रवाशांकडे. अशा सहलीला जरूर जा. पण आधी थोडं वाचून जा, आणि दोन थांब्यांच्या मधे झोपू नका.

तो बिल्ला अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे. टाकवत नाही आणि कुणाला दाखववतही नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.