रणपदकें : संग्रह आणि संशोधन

जुनीं नाणीं जमविणारा मनुष्य आपल्याकडे आतां विक्षिप्त समजला जात नाहीं. नाण्यांवरून राजांच्या वंशावळी लागतात, हें सुशिक्षितांस पटलेलें आहे. लष्करी पदकांच्या संग्राहकास मात्र ही प्रतिष्ठा अद्यापि लाभलेली नाहीं. वास्तविक नाण्यावर राजाचें नांव असतें, तर पदकाच्या कांठावर पुष्कळदां साध्या शिपायाचें. त्याचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण एवढा मजकूर त्या अरुंद जागेंत उठविलेला असतो. ज्याचें नांव कोणत्याहि बखरींत यावयाचें नव्हतें, अशा मनुष्याचा हा लेख होय. तो वाचावा कसा, याविषयीं रूढ ग्रंथ जें शिकवितात तें आम्हांस अपुरें वाटतें.

या ग्रंथांत मेजर एल्. एल्. गॉर्डन यांचा १९४७ सालीं निघालेला 'ब्रिटिश बॅटल्स अँड मेडल्स' हा प्रमुख होय. पुढें त्याच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्याहि निघाल्या. प्रत्येक पदकाचें वर्णन, त्याची फीत, फितीवरील लढायांच्या नांवांच्या पट्ट्या, आणि कोणत्या लढाईंत कोणत्या पलटणी होत्या, हें सारें त्यांत क्रमानें दिलें आहे. अशा ग्रंथाचा उपयोग मोठा आहे. कांठावर जी पलटण आहे ती पट्टीवरील लढाईंत नव्हतीच असें आढळलें, तर पट्टी मागाहून बसविली असा संशय घ्यावा. कांठ एके ठिकाणीं पातळ लागला, तर मूळचें नांव खरवडून दुसरें घातलें असावें. पदक मिळालेल्यांच्या सरकारी याद्यांशीं नांव ताडून पाहिल्याखेरीज जाणता संग्राहक पुढें पाऊल टाकीत नाहीं. ही शिस्त आपल्या हौशी मंडळींनीं अवश्य उचलावी.

परंतु याच पद्धतीनें एक खोड लावली आहे. संग्राहकाचा पहिला प्रश्न 'हें दुर्मिळ आहे काय?' असा असतो. 'हा कोण होता?' हा प्रश्न मागाहून येतो, किंवा येतच नाहीं. मग अधिकाऱ्याचें पदक महाग आणि शिपायाचें स्वस्त ठरतें. एकाच मनुष्याचीं चार पदकें चार ठिकाणीं विकलीं जातात आणि त्याचा सेवावृत्तान्त कायमचा तुटतो. वायव्य सरहद्दीवरील मोहिमांसाठीं काढलेलें 'इंडिया मेडल' लढणाऱ्यांस चांदीचें आणि लष्कराबरोबर चाकरीस असलेल्या भिस्ती, कहार, मोतद्दार यांस काशाचें मिळे. एकाच रणांत उभ्या असलेल्या माणसांची ही प्रतवारी स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. पदकांच्या कोष्टकांत तिला एका ओळीपलीकडे जागा मिळत नाहीं.

आमच्या छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेच्या परिसरांतलींच दोन उदाहरणें घेऊं. पहिलें असईचें. आज जालना जिल्ह्यांत असलेल्या या गांवीं २३ सप्टेंबर १८०३ रोजीं वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या लढाईची पट्टी असलेलें 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर झालें तें १८५१ सालीं, आणि तेंहि केवळ तोंवर हयात असलेल्यांस. अठ्ठेचाळीस वर्षांत जे वारले त्यांना कांहीं नाहीं. आणि शिंद्यांच्या तोफांशेजारीं मरेपर्यंत उभे राहिलेल्या गोलंदाजांना तर पदक कोण देणार? पदक मौल्यवान कां, तें कोष्टक सांगतें. किती जणांना तें मिळालें नाहीं, हें आपणच सांगितलें पाहिजे.

दुसरें उदाहरण याहून बोचणारें आहे. निजामाच्या पैशावर पोसलेल्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतींतील हैदराबाद कंटिंजंटचें एक ठाणें येथें होतें. जून १८५७ मध्यें तिच्या घोडदळांत बंडाळी झाली. वुडबर्नची फौज आली आणि पकडलेल्यांपैकीं कांहींना फांशी, तर कांहींना तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. ती जागा काळा चबुतरा. आज तिला क्रांति चौक म्हणतात. पुढच्याच वर्षीं याच कंटिंजंटच्या तुकड्या सर ह्यू रोझच्या हाताखालीं मध्य हिंदुस्थानांत लढल्या आणि त्या मोहिमेसाठीं 'सेंट्रल इंडिया' ही पट्टी निघाली. एकाच फौजेंतील एकाला पट्टी, दुसऱ्याला तोफ. ती पट्टी हातीं धरणाऱ्यास हा चौक आठवला नाहीं, तर त्याचें संशोधन अर्धेंच राहिलें असें आम्ही म्हणूं.

यावर कोणी विचारील कीं, परक्या राज्यकर्त्यांनीं दिलेलीं हीं बिरुदें आपण जपावींच कशाला? स्वतंत्र भारतानें २६ जानेवारी १९५० रोजीं परमवीरचक्र स्थापिलें, सावित्रीबाई खानोलकर यांनीं त्यावर इंद्राचीं चार वज्रें रेखिलीं. आपला अभिमान तेथें ठेवावा हें योग्यच आहे. तथापि ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीकांठीं मराठा पलटणीच्या नामदेव जाधवानें जखमी सोबत्यांना सुखरूप पोंचविलें आणि मग एकट्यानें मशीनगनच्या ठाण्यांवर चाल केली. त्याला मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस परक्यांचा असेल. धैर्य तर आपल्याच मनुष्याचें होतें. जपावयाचें तें मनुष्याचें स्मरण. राज्यकर्त्याचा मुखवटा त्याच्याबरोबर येतो, इतकेंच.

आणि हें स्मरण झपाट्यानें नाहींसें होत आहे. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव जगभर चढला, तेव्हां खुद्द इंग्लंडांत पहिल्या महायुद्धाचीं पुष्कळ रौप्यपदकें वितळविलीं गेलीं. ज्यांच्या घरीं पणजोबांचें पदक पेटींत पडलें असेल, त्यांनीं तें मोडीस घालण्यापूर्वीं कांठ भिंगाखालीं वाचावा. चकाकीसाठीं तें घासूं नये, कारण अक्षरें झिजतात. पेन्शनचे कागद, पत्रें व छायाचित्र त्याच्यापासून वेगळीं करूं नयेत. वडील माणसांस जें आठवतें तें आजच लिहून ठेवावें. अशा टिपणांतूनच या विषयावर एखादा चांगला मराठी ग्रंथ उभा राहील. त्यांत गॉर्डनच्या कोष्टकांची शिस्त असावी, आणि प्रत्येक लढाईपुढें आणखी एक रकाना असावा : समोर कोण उभे होते.