रोम, अँटिऑक आणि गोव्याचे दोन बिशप

(जवाहरनगर, जि. भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स यांच्यातला वाद म्हटला की बोलणारा सरळ 1054 सालात जाऊन उभा राहतो. रोमच्या दूतांनी कॉन्स्टँटिनोपलच्या प्रमुखाला बहिष्कृत केलं, त्यांनी उलट या दूतांना केलं, आणि 1965 मध्ये दोन्ही बाजूंनी ते बहिष्कार मागे घेतले. हे सगळं खरं आहे. पण आपल्याकडचा वाद त्या चौकटीत बसत नाही. भारतातले ऑर्थोडॉक्स म्हणजे मुख्यतः केरळचे सीरियन ख्रिस्ती. ते ज्या परंपरेशी जोडले गेले, ती 451 च्या कॅल्सेडन परिषदेनंतरच वेगळी झाली होती. 1054 च्या भांडणात ती पक्षकारच नव्हती. म्हणून मी आज रोमऐवजी गोव्यापासून सुरुवात करतो.

आधी वाद नेमका कशाचा, ते बघू. रोमच्या बिशपाला पहिला मान द्यायचा की नाही, यावर फारसं भांडण नाही. भांडण अधिकाराचं आहे. 1870 मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठराव केला. त्यातला ‘पोप चुकत नाही’ एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहतो, आणि तोही अर्धवट. पण त्याच ठरावात दुसरी गोष्ट आहे: जगातल्या प्रत्येक धर्मप्रांतावर पोपचा थेट अधिकार चालतो. ऑर्थोडॉक्सांना खरं खुपतं ते हे. जवाहरनगरच्या श्रोत्यांना हे समजावायला वेळ लागू नये. कारखाना इथे आणि 2021 पर्यंत बोर्ड कोलकात्यात, अशी तुमची व्यवस्था होती. मुख्यालयाला मान देणं वेगळं, आणि मुख्यालयाने तुमच्या सेक्शनचा फोरमन परस्पर बदलणं वेगळं.

आता पहिले बिशप, मातेउश द कास्त्रो. दिवाडी बेटावरचे, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातले. त्या काळी गोव्यात चर्चचा कारभार ‘पाद्रोआदो’खाली चाले, म्हणजे बिशप कोण हे पोर्तुगालचा राजा सुचवणार. गोव्याच्या आर्चबिशपांनी कास्त्रोंना दीक्षा द्यायला नकार दिला. देशी माणूस, एवढं कारण पुरेसं होतं. मग हा गृहस्थ रोमला गेला. तिथे तो धर्मगुरू झाला आणि 1637 मध्ये बिशप झाला. विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी रोमने त्यांना नेमलं. गोव्याने ती नेमणूक मानलीच नाही. कास्त्रो डिचोलीला, पोर्तुगीज हद्दीबाहेर, जाऊन राहिले. पुढे आदिलशहाला गोव्यावर चालून यायला त्यांनीच चिथावलं, असा आरोप पोर्तुगीजांनी केला.

म्हणजे इथे पोपचा थेट अधिकार कुणाच्या कामी आला? गोव्यातल्या एका देशी धर्मगुरूच्या. गल्लीत दाद मिळेना तेव्हा तो दिल्लीला गेला, असं समजा.

दुसरे बिशप अडीचशे वर्षांनंतरचे. आंतोनियु फ्रान्सिश्कु शाव्हियेर आल्वारिश, जन्म 1836, गाव वेर्णे. धर्मगुरू आणि पत्रकार. त्यांनी पोर्तुगीज भाषेत वृत्तपत्रं चालवली, चर्च आणि सरकार दोघांवरही टीका केली. 1886 मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यानुसार पाद्रोआदोखालच्या कितीतरी वस्त्या गोव्याच्या अधिकारातून निघून रोमने नेमलेल्या बिशपांकडे गेल्या. श्रीलंकेतल्या आणि दक्षिण कानड्यातल्या लोकांना हे मान्य नव्हतं. वाटाघाटी झाल्या लिस्बनच्या आणि रोमच्या दरबारांत. ज्यांचे धर्मगुरू बदलणार होते त्यांना कुणी विचारलं नाही.

या असंतोषातून आल्वारिश कोट्टायमला पोचले. जुलै 1889 मध्ये मलंकरा चर्चच्या बिशपांनी त्यांना बिशप केलं, नाव दिलं मार युलियुस. संमती होती अँटिऑकच्या सीरियन पॅट्रिआर्कांची, आणि त्यांचं पीठ तेव्हा तुर्की साम्राज्यात मार्दिनजवळ होतं. बिशपाच्या वेशात गोव्यात वावरले म्हणून आल्वारिशांना अटकही झाली. 23 सप्टेंबर 1923 रोजी ते गेले, शेवटपर्यंत ऑर्थोडॉक्स. उडुपीजवळच्या ब्रह्मावरची कोकणी मंडळी आजही त्याच चर्चमध्ये आहेत.

आता टीकेचा भाग. या माणसावर लिहिणारे दोन प्रकारचे. कॅथलिक बाजू म्हणते: फुटीर, नाराज, पदासाठी गेला. ऑर्थोडॉक्स बाजू म्हणते: हुतात्मा, रोमचा खोटा दावा झुगारणारा. मला दोन्ही मांडण्या अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींत अवघड पुरावा बाजूला राहतो.

कॅथलिक मांडणीला विचारा: हा प्रश्न श्रद्धेचा होता का? या लोकांनी लॅटिन उपासनापद्धतही सोडली नाही. अँटिऑकच्या छत्राखाली जाऊनसुद्धा ती चालू ठेवली. धर्म तोच, प्रार्थना त्याच, फक्त ‘आम्हाला न विचारता’ हे नको होतं. त्याला नुसतं फुटीरपण म्हणून हातावेगळं करता येत नाही.

ऑर्थोडॉक्स मांडणीलाही विचारा: रोमविरुद्ध उभे राहिलेले हे लोक आधी कशासाठी भांडत होते? पाद्रोआदो टिकवण्यासाठी! म्हणजे पोप नको, पण पोर्तुगालचा राजा चालेल. ते बंद झालं तेव्हा अँटिऑक. स्वातंत्र्याच्या या लढ्यात दरवेळी एक दूरचा मालक लागतोच. आणि त्या दूरच्या मालकाचं पुढे काय झालं? 1912 पासून मलंकरा चर्च स्वतःच दुभंगलं, आणि कशावरून, तर अँटिऑकच्या पॅट्रिआर्कांचा भारतात अधिकार किती यावरून. खटले पिढ्यान्‌पिढ्या चालले. 3 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1934 ची घटना ग्राह्य धरून निकाल दिला. तेव्हा ‘पोप नसला की ऐक्य आपोआप नांदतं’, हे कुणी सांगितलं तर मानू नका.

पण त्या 1934 च्या घटनेत एक गोष्ट मोलाची आहे. बिशप निवडण्यात गावोगावच्या चर्चचे प्रतिनिधी, त्यांत सामान्य माणसंही, मत देतात. आल्वारिशांच्या मागे गेलेल्या लोकांना जे हवं होतं ते हेच.

आपल्या विदर्भात हे सगळं शेजारी शेजारी बघायला मिळतं. नागपूरच्या लॅटिन आर्चबिशपांची नेमणूक रोम करतं. चांद्याला सिरो-मलबार धर्मप्रांत आहे. ते पोपला मानणारे कॅथलिकच, पण त्यांच्या चर्चला पूर्वेकडच्या पद्धतीप्रमाणे स्वतःची बिशपसभा आहे. नागपुरातच ऑर्थोडॉक्सांची सेमिनरीही आहे. म्हणजे ‘पोप मानणं’ आणि ‘सगळं रोमहून ठरणं’ या एकच गोष्टी नाहीत, हे कॅथलिक चर्च स्वतःच चांद्यात मान्य करतं. मग लॅटिन माणसाला तेवढं का मिळू नये, हा प्रश्न मी कॅथलिक मित्रांना विचारतो. ऑर्थोडॉक्स मित्रांना विचारतो तो वेगळा: कास्त्रोंसारखा माणूस तुमच्याकडे असता, आणि त्याचा स्वतःचा बिशपच त्याला अडवून बसला असता, तर त्याने दाद कुठे मागायची?

ऐक्याच्या बैठका मोठ्या शहरांत होतात, निवेदनं निघतात. त्यांत या दोन प्रश्नांची उत्तरं मी शोधतो. कास्त्रोंना अपिलाची जागा हवी होती, आल्वारिशांच्या लोकांना मताची. जी व्यवस्था यांतलं एकच देते, ती दुसऱ्याला आज ना उद्या बाहेर घालवते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, वेळ आहे.