पेशीविभाजनातील विद्युत बल : गाग्लिआर्डी यांच्या प्रतिमानाची चिकित्सा

बुलडाणा जिल्ह्यातील पदवीच्या विद्यार्थ्याला कांद्याच्या मूलाग्राच्या काचपट्टीवर विभाजनाच्या अवस्था दिसतात; बल दिसत नाही. गुणसूत्रे ध्रुवांकडे कोणत्या बलाने ओढली जातात? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एल. जॉन गाग्लिआर्डी यांनी २००२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात त्याचे श्रेय स्थिर-विद्युत बलास दिले.

मांडणी आकर्षक आहे, परंतु पेशीद्रव हे लवणयुक्त माध्यम आहे. तेथील आयन प्रभाराचा प्रभाव सुमारे एक नॅनोमीटर अंतरातच झाकून टाकतात. गुणसूत्राला मात्र कित्येक मायक्रोमीटर जावयाचे असते. प्रथिनांलगतच्या पाण्याच्या थरांमुळे हे आवरण क्षीण होते, हा गाग्लिआर्डी यांचा बचाव संपूर्ण तर्कूस लागू करणे धाडसाचे ठरते.

निकलस यांनी १९८३ मध्ये नाकतोड्याच्या पेशीत बारीक काचसुईने गुणसूत्र अडवून बल मोजले. ते सुमारे ७०० पिकोन्यूटन भरले. केवळ द्रवाचा विरोध मोडण्यास त्याचा दहा हजारावा भागही पुरतो. गणिताने ही पातळी गाठली तरी आकड्यांचा मेळ म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे.

विद्युत बल निरर्थक मात्र नाही. सूक्ष्मनलिकेच्या ऋणप्रभारित टोकांशी एनडीसी-८० प्रथिनसंकुलाची पकड विद्युत आकर्षणावर अवलंबून असते; ऑरोरा-बी विकराने फॉस्फेट जोडले की ती सैल होते. बल येथे खरे, पण स्पर्शाच्या अंतरावरचे.

पुण्याच्या ‘आयसर’मधील नेहा खेतान व चैतन्य आठले यांचे २०१६ चे उंदराच्या अंडपेशीवरील प्रतिमान या दृष्टीने अधिक विश्वसनीय वाटते. त्यातील बल वाहक प्रथिनांचे आहे, आणि ती प्रथिने प्रयोगात रोखून प्रतिमान खोटे ठरविता येते.