सारखी पुस्तकं, मुकी पोरं

लाऊ विरुद्ध निकोल्स. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २१ जानेवारी १९७४ चा निकाल. चळवळीतल्या पोरांनी तो कविता वाचावी तसा वाचावा असं माझं म्हणणं आहे. ओळीत काय लिहिलंय ते बघायचं, आणि काय गाळलंय तेही.

हकीकत साधी. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत चिनी वंशाची सुमारे १८०० पोरं अशी होती की त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, आणि ते शिकवायची वेगळी सोयही नव्हती. शाळेत यायची मात्र सक्ती. आणि इंग्रजी आल्याशिवाय शेवटचं प्रमाणपत्र नाही. खालची न्यायालयं म्हणाली, सगळ्यांना सारखंच देतो की, मग भेदभाव कसला?

न्यायमूर्ती डग्लस यांनी ही मखलाशी मोडली. सारखी पुस्तकं, सारखे मास्तर, सारखा अभ्यासक्रम एवढ्यानं समता होत नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. आधार घेतला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा. तो काळ्या जनतेनं रस्त्यावर मार खाऊन मिळवलेला. त्यांच्या लढ्याचं माप चिनी पोरांच्या पदरात पडलं, हे आपण ध्यानात ठेवू.

माझा झगडा पुढच्या ओळींशी आहे. इंग्रजी शिकवा हा एक मार्ग, चिनीतून शिकवा हा दुसरा, आणखीही असतील, असं म्हणून निकाल थांबतो. घरची भाषा हा पोराचा हक्क, असं कुठंच म्हणत नाही. न्यायमूर्ती ब्लॅकमन तर सहमती देताना संख्येवर बोट ठेवतात. १८०० आहेत म्हणून ठीक, एकच पोर असतं तर गोष्ट वेगळी. मग वर्गात एकट्या पडलेल्या पोरानं कुणाकडं बघायचं?

ह्याच फटीतून प्रस्थापित घुसले. १९९८ साली कॅलिफोर्नियात मतदान झालं आणि २२७ व्या प्रस्तावानं मातृभाषेतले वर्ग बहुतेक ठिकाणी बंद पाडले. साधारण एक वर्ष इंग्रजीचा खास वर्ग, की ढकल पोराला मुख्य वर्गात! जिम कमिन्स यांच्यासारखे अभ्यासक त्याआधीच सांगत होते, खेळण्या-बोलण्याचं इंग्रजी दोनेक वर्षांत येतं, पण धडा समजून उत्तर लिहिण्याच्या इंग्रजीला पाच-सात वर्षं लागतात. मधल्या वर्षांत नुसते गुण मोजले की पोर मठ्ठ ठरतं. २००६ मध्ये ऑगस्ट आणि शानाहान यांनी संपादित केलेल्या अहवालात उलटंच दिसलं. घरच्या भाषेतही वाचायला शिकलेली पोरं इंग्रजी वाचनात सरासरीनं पुढं होती. २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच ती बंदी उठवली. तोवर एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही मातृभाषा आहे, पण 'शक्य असेल तिथवर' अशी शेपटी लावून. शक्य आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्यांची बोली पुस्तकात छापलेली आहे, तेच!

मित्रांनो, इंग्रजी आपल्याला पाहिजेच. स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत घालून आपल्याला मायबोलीचं कीर्तन ऐकवणाऱ्यांचं ऐकू नका. पण गोंडी, कोरकू, पारधी बोलणाऱ्या पोराची जीभ पहिलीतच बांधून ठेवली, तर त्याला ना मराठी येणार ना इंग्रजी. तेव्हा आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा आणि एवढंच विचारा, पहिलीतल्या पोराची भाषा इथं कुणाला येते? उत्तर कागदावर लिहून घ्या. मोर्चाचं निवेदन त्या कागदावरूनच लिहायचं आहे.